रस्ता डांबरी की सिमेंटचा? दोन्ही मिळून जमतं का?

मच्छीमार बांधवांनो, कारंजा धरणावरून मासे भालकी-बीदरच्या बाजारात न्यायचे तर बर्फ टिकला पाहिजे. गाडी खड्ड्यांत रखडली की बर्फ वितळतो आणि भाव पडतो. म्हणून रस्ता कसा टिकतो ते समजून घेऊ.

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. डांबरी रस्ता थोडं हलणं सोसतो, पण तो उन्हात मऊ पडतो आणि साचलेलं पाणी खडीवरचं डांबर सोडवतं. सिमेंटचा रस्ता उन्हापाण्याला पुरतो, पण खालची जमीन हलली की तडकतो.

दोन्हींचा मेळही घालता येतो. खडी-डांबराचा थर मुद्दाम पोकळ ठेवतात, सुमारे 25 ते 30 टक्के. थर थंड झाला की त्या पोकळीत सिमेंटचं पातळ मिश्रण ओतून भरतात. मात्र पाया कच्चा असेल तर हाही थर टिकत नाही.

चाचण्या अशा असतात. डांबर लावलेली खडी 40 अंशाच्या पाण्यात 24 तास ठेवतात; 5 टक्क्यांहून जास्त डांबर सुटलं तर ती खडी नापास. मार्शल चाचणीत डांबरी मिश्रणाचा नमुना 60 अंशाच्या पाण्यात तापवून दाबतात. काँक्रीटचे 15 सेंटिमीटरचे ठोकळे 28 दिवस पाण्यात ठेवून मग यंत्रात फोडतात.

गावात रस्त्याचं काम निघालं की ग्रामसभेत दोनच गोष्टी विचारू या: चाचणीचा कागद कुठं आहे? आणि पाणी जायला कडेनं नाली आहे का?