मश्रूम खा, पण आधी उन्हात ठेवा

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात ब्रोकोली, झुकिनीच्या शेजारी मश्रूमची २०० ग्रॅमची पाकिटं रचलेली असतात. हॉटेलवाल्यांच्या बरोबरीनं आता घरगुती गिऱ्हाईकही मटार-मश्रूमसाठी ती घेतं. का, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: ‘भरपूर प्रोटीन असतं.’

हा समज दूर व्हायला हवा. १०० ग्रॅम ताज्या बटण मश्रूममध्ये सुमारे ९२ ग्रॅम पाणी आणि जेमतेम ३ ग्रॅम प्रथिनं असतात. अख्खं पाकीट एकट्यानं संपवलं, तरी मिळतात एका अंड्याइतकी. तेवढी तर ३० ग्रॅम तूरडाळीतही असतात. जाहिरातीतले मोठे आकडे बहुधा वाळवलेल्या मश्रूमचे असतात. ताटात मात्र ताजं मश्रूम येतं.

मश्रूमची खरी श्रीमंती वेगळी आहे. १०० ग्रॅममध्ये फक्त २२ कॅलरी, ३०० मिलिग्रॅमहून जास्त पोटॅशियम, शिवाय रायबोफ्लेविन, नायसिन ही ब गटातली जीवनसत्त्वं आणि सेलेनियम. ग्लुटामेटमुळे त्याला स्वतःची भरीव चव असते, त्यामुळे भाजीत मीठ थोडं कमी पडलं तरी चालतं. पेशींच्या भिंतीत कायटिन असल्यानं कच्चं मश्रूम पचायला जड जातं, म्हणून ते नीट शिजवूनच खावं.

सगळ्यात मोलाची गोष्ट ड जीवनसत्त्वाची. मश्रूममध्ये एर्गोस्टेरॉल असतं आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचं ड-२ जीवनसत्त्व बनतं. पण बटण मश्रूम वाढतं बंद, थंड खोल्यांत, १४ ते १८ अंश तापमानात. ऊन त्याला दिसतच नाही, त्यामुळे पाकिटातल्या मश्रूममध्ये ‘ड’ जवळपास नसतंच. भारतात या जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, आणि मांसाहार न करणाऱ्यांकडे त्याचे आहारातले पर्याय फारच थोडे. अशा घरांसाठी ही माहिती प्रोटीनच्या गप्पांपेक्षा कितीतरी कामाची आहे.

बटणापेक्षा मला धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मश्रूम, जवळची वाटते. तिला वातानुकूलित खोली लागत नाही. भिजवून निर्जंतुक केलेलं गव्हाचं काड किंवा भाताचा पेंढा, प्लास्टिकच्या पिशव्या, स्पॉन (मश्रूमचं बियाणं) आणि हवेत भरपूर ओलावा एवढ्यावर ती येते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळिंबी (म्हणजे मश्रूम) संशोधन प्रकल्पाचं केंद्र आहे. छोट्या शेतकऱ्याला झेपेल असं हे पीक. मात्र धिंगरी नाजूक, लवकर मलूल होते, म्हणून बाजारात बटणाचाच दबदबा.

पावसाळ्यात रानात उगवलेली अळिंबी मात्र ओळख नसताना तोडू नका. काही जातींचं विष शिजवूनही जात नाही.

पाकीट आणलंत की ‘ड’ जीवनसत्त्वासाठी मश्रूमच्या चकत्या करा आणि दुपारच्या उन्हात अर्धा-पाऊण तास गॅलरीत ठेवा. खिडकीच्या काचेमागे नको, काच ‘ड’ बनवणारे अतिनील किरण अडवते. मग खुशाल फोडणीला टाका. शिजवल्यावरही बरंचसं ‘ड’ टिकून राहतं.