थंडी नव्हे, अंधार! जर्मनीतला एका अमेरिकनाचा पहिला हिवाळा

बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल किंवा भांडी घासता घासता ऐकत असाल, तर आवाज जरा वाढवा. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी मजकूर.

आज आपण जर्मनीला जाणार आहोत. पण आपल्या नजरेतून नाही, एका अमेरिकनाच्या नजरेतून. का ते शेवटी कळेलच.

कल्पना करा, पंचविशी ओलांडलेला एक तरुण. अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा. नोकरीसाठी उन्हाळ्यात बर्लिनला आलाय. नाव काही ठेवायला नको, आपण त्याला 'मिनेसोटावाला' म्हणू. सप्टेंबरमध्ये ऑफिसातले लोक त्याला म्हणायला लागतात, "हिवाळा येतोय, सांभाळ." त्याला हसू येतं. त्याच्या गावी जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या खाली आठ-नऊ अंश असतं. बर्लिनमध्ये ते शून्याच्या आसपासच घुटमळतं. अटलांटिक महासागरावरून येणारे पश्चिमेचे वारे युरोपला बऱ्यापैकी उबदार ठेवतात. मग त्याला भीती कसली?

इथेच तो चुकतो. कारण जर्मनीतल्या हिवाळ्याची खरी ओळख थंडी नाही, अंधार आहे.

जरा नकाशा डोळ्यासमोर आणा. मुंबई १९ अक्षांशावर, मिनियापोलिस ४५ वर आणि बर्लिन साडेबावन्नवर. अमेरिका आणि कॅनडा यांच्यातली ती लांबच लांब सरळ सरहद्द असते ना, ती ४९ अक्षांशावर आहे. म्हणजे बर्लिन तिच्याही उत्तरेला. त्याचा परिणाम काय? डिसेंबरातल्या सर्वात लहान दिवशी मुंबईत सुमारे ११ तास उजेड असतो. मिनियापोलिसला पावणेनऊ तास. बर्लिनला जेमतेम साडेसात तासांच्या वर. सूर्य सव्वाआठला उगवतो आणि चार वाजायच्या आत मावळतो. त्यात नोव्हेंबरात बहुतेक दिवस ढगाळ. ऑफिसला जाताना अंधार, परत येताना अंधार!

हा बदल हळूहळू येतो, पण एक दिवस धक्का देऊन जातो. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. त्या रात्री युरोपभर घड्याळं एक तास मागे जातात. काल पावणेसहाला मावळलेला सूर्य आज पावणेपाचलाच गायब. गंमत म्हणजे अमेरिकेत घड्याळं मागे जातात ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे बरोबर एक आठवडा उशिरा. त्या आठवड्यात बर्लिन आणि मिनियापोलिसमधलं अंतर सातऐवजी सहा तासांचं होतं आणि घरच्या व्हिडिओ कॉलची वेळ चुकते. आपल्याकडे घड्याळ बदलत नाही, पण पुण्याहून जर्मनीत फोन करणाऱ्या आईलाही साडेतीनऐवजी साडेचार तासांचा हिशेब करावा लागतोच की.

आता घरात येऊया. मिनेसोटावाल्याच्या अमेरिकेतल्या घरात एक मोठी भट्टी असते, ती गरम हवा नळ्यांमधून घरभर फिरवते. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर आकडा टाकला की काम झालं. बर्लिनच्या भाड्याच्या घरात प्रत्येक खोलीत खिडकीखाली रेडिएटर असतो आणि त्याच्या बाजूला एक गोल बटण. त्यावर १ ते ५ आकडे. त्याला वाटतं, हे पंख्याच्या रेग्युलेटरसारखं असणार. खोली लवकर तापावी म्हणून तो सरळ ५ वर फिरवतो. पण तो आकडा वेगाचा नसतो, तापमानाचा असतो. ३ म्हणजे साधारण २० अंश. ५ वर ठेवलं तर खोली लवकर तापत नाही, ती फक्त नको तेवढी तापत राहते.

मग तो खिडकीची मूठ वर करून खिडकी दिवसभर तिरकी, थोडीशी उघडी ठेवतो. ही दुसरी चूक. उष्णता हळूहळू बाहेर जाते, भिंत गार पडते आणि गार भिंतीवर घरातली वाफ पाणी होऊन बसते. अंघोळीची वाफ, स्वयंपाकाची वाफ, खोलीत वाळत घातलेले कपडे, सगळी ओल तिथे जमते आणि कोपऱ्यात काळी बुरशी येते. घर सोडताना याच बुरशीवरून डिपॉझिटचे वाद होतात.

यावर जर्मन लोकांचा उपाय म्हणजे 'श्टोसल्युफ्टन'. शब्दाला घाबरू नका. रेडिएटर बंद करायचा, खिडक्या पूर्ण उघडायच्या, पाच-दहा मिनिटं गार हवा घरातून जाऊ द्यायची आणि परत बंद. दिवसातून दोन-तीन वेळा. बाहेर शून्य अंश असताना खिडक्या सताड उघडायच्या? हो! कारण गार हवेत ओलावा फार कमी मावतो. ती आत येऊन तापली की कोरडी असते आणि घरातली ओल शोषून घेते. भिंती मात्र तेवढ्या वेळात गार होत नाहीत, म्हणून खोली पुन्हा पटकन उबदार होते. हीटिंगचे पैसे दर महिन्याला अंदाजाने भरायचे असतात आणि वर्षाचा खरा हिशेब नंतर येतो. ज्याने बटण ५ वर ठेवलं, त्याला तो हिशेब चांगलाच लक्षात राहतो.

घर जमलं, आता रविवार. अमेरिकेत हिवाळ्यातला रविवार म्हणजे गाडी काढा, मॉलमध्ये जा, तिथेच फिरा. मिनियापोलिसमध्ये तर शहराच्या मध्यभागी इमारतींना जोडणारे काचेचे बंद पूल आहेत, बाहेर पाऊल न टाकता कितीतरी अंतर चालता येतं. जर्मनीत रविवारी दुकानं बंद. ही नुसती रीत नाही. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून १९१९च्या वायमार संविधानात होता आणि १९४९च्या आजच्या संविधानानेही ते कलम तसंच ठेवलं. बेकरी काही तास उघडी, मोठ्या स्टेशनांवरची दुकानं उघडी, बाकी शुकशुकाट. पहिले काही रविवार मिनेसोटावाला घरातच बसतो. मोबाईल, मालिका, झोप. तीन वाजता जागा होतो तर बाहेर संध्याकाळ झालेली.

खरं सांगायचं तर धोका इथे आहे. थंडीपासून जॅकेट वाचवतं. पण अंधारात, अनोळखी गावात, सुट्टीच्या दिवशी एकटं बसलं की मन खचायला लागतं. झोप वाढते, लोकांना भेटणं नको वाटतं. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार येतो. अमेरिकेत थँक्सगिव्हिंग, सगळं घर एका टेबलाभोवती. बर्लिनमध्ये तो कामाचा साधा गुरुवार. घरचे व्हिडिओ कॉलवर टर्की दाखवतात आणि हा ऑफिसच्या डब्यातलं खातोय. ओळखीचं वाटलं ना? परदेशात कामाच्या दिवशी आलेली दिवाळी ज्यांनी काढली आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको.

मग जर्मन लोक हा अंधार कसा काढतात? ते अंधाराचे हप्ते पाडतात! ११ नोव्हेंबरला संत मार्टिनचा दिवस. संध्याकाळी लहान मुलं हातात कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत रस्त्यातून जातात. आपल्या आकाशकंदिलाची आठवण यावी असंच दृश्य. ६ डिसेंबरला संत निकोलस, म्हणून आदल्या रात्री मुलं बूट दाराशी ठेवतात आणि सकाळी त्यात खाऊ मिळतो. आणि ख्रिसमसच्या आधीचे चार रविवार म्हणजे अ‍ॅडव्हेंट. टेबलावर हिरव्या फांद्यांचं कडं, त्यात चार मेणबत्त्या. पहिल्या रविवारी एक पेटवायची, दुसऱ्या रविवारी दोन. दिवस लहान होत जातो आणि ज्योती वाढत जातात. ही पद्धत १८३९ सालची. हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिश विशर्न नावाचे धर्मोपदेशक गरीब मुलांची संस्था चालवत. मुलं सारखी विचारायची, ख्रिसमसला किती दिवस राहिले? म्हणून त्यांनी एका चाकावर मेणबत्त्या लावून दिल्या. रोज एक पेटवा आणि मोजा!

ख्रिसमसच्या बाजारांचंही तेच. ड्रेसडेनचा बाजार १४३४ पासूनचा. लोक गारठ्यात उभे राहून मसाले घातलेली गरम वाइन पितात. कपाचे डिपॉझिट भरायचे, कप परत केला की पैसे परत. वाइन नको असेल तर मुलांसाठीचं बिनअल्कोहोलचं पेयही मिळतं. मुद्दा पिण्याचा नाहीच, बाहेर उभं राहून चार शब्द बोलण्याचा आहे. अमेरिकन माणूस हिवाळा टाळायला शिकलेला असतो. जर्मन माणूस त्यात बाहेर पडायला शिकलेला असतो.

फक्त एक तारीख लक्षात ठेवा, २४ डिसेंबर. जर्मनीत मुख्य सण त्या संध्याकाळी असतो. दुपारी दोनच्या आसपास दुकानं बंद, मग २५ आणि २६ला सुट्टी. ख्रिसमस २५ला सकाळी उठून साजरा करायची सवय असलेला मिनेसोटावाला २४ला संध्याकाळी दूध आणायला निघतो आणि रिकाम्या रस्त्यात उभा राहतो. त्या संध्याकाळी कुणाकडे जायचं हे आधीच ठरवायला हवं. कुणी 'ये' म्हटलं तर संकोच न करता जायचं.

आता हे सगळं मी तुम्हाला का सांगितलं? तिकडची हिवाळी सत्रं ऑक्टोबरमध्ये सुरू होतात. आपली बरीच मुलं बरोबर तेव्हाच पोहोचतात, म्हणजे उतरल्या उतरल्या समोर अंधारच. त्यांच्यासाठी चार गोष्टी. एक, दुपारी जेवणाच्या सुट्टीत ढग असले तरी अर्धा तास बाहेर चाला, कारण तेवढाच उजेड मिळतो. दोन, ऑक्टोबर ते मार्च तिथल्या उन्हात त्वचेला ड जीवनसत्त्व पुरेसं बनवता येत नाही आणि सावळ्या त्वचेला तर ऊन जास्तच लागतं, म्हणून डॉक्टरांना विचारा. तीन, रविवारचा बेत शनिवारीच ठरवा, दूध-ब्रेडसकट. आणि चार, दोन आठवड्यांहून जास्त काळ काहीच करावंसं वाटत नसेल, तर 'हवेमुळे असेल' म्हणून सोडून देऊ नका. विद्यापीठात समुपदेशक असतात, त्यांच्याशी बोला.

२१ डिसेंबरनंतर दिवस पुन्हा मोठा होऊ लागतो. सुरुवातीला मिनिटा-मिनिटाने, कळतही नाही. पण मार्चच्या शेवटी घड्याळ तास पुढे जातं आणि मिनेसोटावाला संध्याकाळी सातला उजेडात घरी चालत येतो. तोवर त्याला बटणाचा ३ आकडा पाठ झालेला असतो आणि रविवारी फिरायला हाक मारणारं कुणीतरी मिळालेलं असतं.

तुमच्या ओळखीचं कुणी यंदा तिकडे जात असेल तर हा भाग त्याला नक्की पाठवा. आणि तो गेला की नोव्हेंबरातल्या एखाद्या रविवारी त्याला फोन करा. साडेचार तासांचा हिशेब तेवढा विसरू नका. भेटू पुढच्या भागात!