परदेशातून घरचा राऊटर रीसेट करताय? आधी परतीची वाट ठेवा

हर्णेसारख्या गावात आज कितीतरी घरी वायफाय आहे, पण ते सांभाळणारा मुलगा कुवेत, दुबई नाहीतर दोह्याला. घरी अम्मी-अब्बा दोघंच. नेट रडतखडत चालायला लागलं की मुलगा तिकडून मोबाईलवर राऊटरची सेटिंग उघडतो आणि ‘रीसेट’ दाबतो. झालं! व्हिडिओ कॉल बंद, दारातला कॅमेरा बंद, आणि मुलाला पुन्हा आत शिरायलाही वाट नाही.

इथे दोन शब्दांत गल्लत होते. रीस्टार्ट म्हणजे राऊटर बंद करून पुन्हा चालू करणं. सेटिंग जशीच्या तशी राहते. फॅक्टरी रीसेट म्हणजे पाटी कोरी. नेटवाल्याने दिलेला युजरनेम-पासवर्ड, वायफायचं नाव, बाहेरून आत येण्याची परवानगी, सगळं पुसलं जातं.

अशी फजिती मोठ्या कंपन्यांचीही होते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद होते. देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडने कंपनीच्या डेटा सेंटरना जोडणारं नेटवर्कच तुटलं. दुरून आत जायचे मार्गही त्यावरच होते. शेवटी इंजिनिअरांना प्रत्यक्ष तिथे पाठवावं लागलं.

म्हणून जाणकार आधी परतीची सोय करतात. सिस्कोच्या राऊटरवर ‘रीलोड इन’ची कमांड देऊन दहा मिनिटांनी रीस्टार्ट ठरवून ठेवतात आणि बदल सेव्ह न करता करून बघतात. संपर्क तुटला, तर दहा मिनिटांनी राऊटर जुन्या सेटिंगवर परत येतो. सगळं ठीक असेल तर ते रीस्टार्ट रद्द करून सेव्ह करायचं. ज्युनिपरमध्ये ‘कमिट कन्फर्म्ड’ आणि मायक्रोटिकमध्ये ‘सेफ मोड’ हेच काम करतात. घरच्या साध्या राऊटरमध्ये सहसा अशी सोय नसते, बदल लगेच पक्का होतो. त्यामुळे ती सोय आपणच करायची:

१. आधी फक्त रीस्टार्ट करा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

२. रीसेट करायचाच असेल, तर सेटिंगची बॅकअप फाईल आपल्याकडे उतरवून घ्या. नेटवाल्याकडून युजरनेम-पासवर्ड आधीच मागून ठेवा.

३. घरी दोन फोन तयार ठेवा. एकाचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर व्हिडिओ कॉल लावा. दुसरा राऊटरच्या वायफायवर ठेवा. त्यावर राऊटरचं पान उघडून तुम्ही सांगाल तसं घरच्यांनी टाईप करायचं. कॉल नीट चालतोय हे बघूनच रीसेटला हात लावा. घरी हे करणारं कोणी नसेल, तर रीसेट करूच नका.

४. वेळ बघा. कुवेतला रात्रीचे दहा म्हणजे हर्णेत साडेबारा. पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो. राऊटरचं सॉफ्टवेअर अपडेट होताना लाईट गेली तर राऊटर कायमचा बाद होऊ शकतो. इन्व्हर्टर नसेल तर अपडेट पुढे ढकला.

५. रीसेटनंतर वायफायचं नाव आणि पासवर्ड पूर्वीचेच ठेवा, अक्षरन् अक्षर तेच. मग कॅमेरा, टीव्ही आणि सगळे फोन सहसा आपोआप जोडले जातात. सेटिंगच्या पानाचा पासवर्ड मात्र कंपनीचा ठेवू नका, लगेच बदला.

६. राऊटरला स्मार्ट प्लग लावला असेल तर सांभाळा. तो त्याच वायफायवर चालतो. तुम्ही दुबईतून प्लग बंद केलात की वायफाय गेलं, मग चालूची कमांड त्याच्यापर्यंत पोहोचणार कशी? त्यापेक्षा रोज पहाटे पाच-दहा मिनिटं लाईट तोडून परत देणारा साधा टायमर बरा. त्याला इंटरनेट लागत नाही.

यंदा सुट्टीवर घरी गेलात की राऊटरच्या मागच्या लेबलचा फोटो काढून घ्या. नेटवाल्याचा नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, आणि प्लग कोणता काढायचा ते अम्मी-अब्बांना एकदा हाताने करून दाखवा.