एका शब्दाचे वतन

‘वतन म्हणजे वेतनच की!’ वर्गात हा शब्द निघाला, की कोणी ना कोणी विद्यार्थी हमखास असे सांगतो. दोन्ही शब्द कानाला सारखे लागतात खरे, पण त्यांची कुळी निराळी. ‘वेतन’ संस्कृत, ‘वतन’ अरबी. आणि त्याचा मूळ अर्थ राहण्याचे ठिकाण, मायदेश.

आमच्या सोलापूरच्या बाजारात या शब्दाचे दोन्ही अवतार भेटतात. उर्दू बोलणारा गृहस्थ ‘आपका वतन?’ असे विचारतो, तेव्हा त्याला तुमचे मूळ गाव हवे असते. जुन्या वळणाचा मराठी शेतकरी मात्र उत्तरादाखल वडिलार्जित जमीन सांगू लागेल! मायदेशाची अशी मालमत्ता कशी झाली?

वंशपरंपरेच्या हक्काला आपल्याकडे पूर्वी ‘वृत्ती’ म्हणत. सुलतानी अमदानीत दफ्तरात फारसी शिरली आणि तिच्याबरोबर ‘वतन’ आले. पाटील, कुळकर्णी, देशमुख, देशपांडे यांचे काम, जमीन आणि मानपान हे सारे त्या एका शब्दात मावले. मला यातली संगती उघड दिसते : जिथे पिढ्यान्‌पिढ्या आपला हक्क, तेच आपले ठिकाण. राजे बदलत, वतनदार राहत. म्हणून तर रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त त्यांना राज्याचे दायाद, म्हणजे वाटेकरी भाऊबंद, मानून सावधगिरीचा इशारा दिला आहे.

पण महारांचेही वतनच होते! ‘हाडकी-हाडवळा’ म्हणून ओळखली जाणारी थोडी जमीन आणि बलुत्याचे धान्य; बदल्यात रात्री-अपरात्री सरकारी कामाची हाक. एकाला वतन म्हणजे मान, दुसऱ्याला गळ्यातले दावे. ते सोडवण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणले. त्यांचा रोख १८७४ च्या वतन कायद्यावर होता. प्रत्यक्ष सुटका फार उशिरा झाली. कुळकर्णी-वतने १९५१ मध्ये गेली, महारांसह कनिष्ठ म्हटलेली गाव-वतने १९५९ मध्ये, आणि मुलकी पाटीलकी १९६३ मध्ये.

वतने गेली. पाटील, देशमुख ही आडनावे राहिली. त्यांच्यामागे गाव उभा होता. गावकुसाबाहेरच्या माणसाला मात्र मराठी अर्थाचे वतन होते. अरबी अर्थाचे, ‘हे माझे गाव’ असे ताठ मानेने म्हणण्याचे वतन, त्याला कोणी दिले नव्हते.