शीळ कोणी घातली?

पावसाळ्यातील एखाद्या सकाळी पुण्याहून लोणावळ्याला जाणाऱ्या लोकल गाडीत बसा आणि लोणावळ्याच्या एक स्टेशन अलीकडे, मळवलीला उतरा. धुके नसेल तर समोर लोहगड आणि विसापूर हे दोन किल्ले दिसतील. हा मावळचा प्रदेश. भातखाचरांमधून अर्धा-पाऊण तास चालले की भाजे गाव येते. डोंगराच्या पोटात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत. बाजूने ओढा खळखळत असतो.

इतक्यात कोणीतरी शीळ घालते. शीळ म्हणजे सीटी. सूर वर जातो, खाली येतो, मध्येच तुटतो. शाळा बुडवून रानात फिरणारा एखादा मुलगा शीळ घालतो आहे, असेच वाटते. तुम्ही मागे वळून पाहता, तर तेथे कोणीच नाही!

ही शीळ आहे एका पक्ष्याची. त्याचे नाव शीळकरी कस्तूर. तो सह्याद्रीच्या ओल्या रानात, ओढ्यांच्या काठी राहतो. लांबून काळा दिसतो; पण ऊन पडले की त्याच्या कपाळावर आणि खांद्यांवर निळा रंग चमकतो. गोगलगाई, लहान खेकडे, किडे आणि रानफळे हे त्याचे अन्न. पाण्याजवळच्या कड्याच्या कपारीत तो मुळे, शेवाळ आणि चिखल यांचे घरटे बांधतो. त्याचे गाणे पावसाळ्यातच सर्वांत जास्त ऐकू येते, कारण त्याच्या विणीचा, म्हणजे अंडी घालून पिले वाढवण्याचा, काळ तोच असतो.

तुम्ही म्हणाल, 'पक्षी आणि प्राणी पाहायला राष्ट्रीय उद्यानातच जायला हवे ना?' महाराष्ट्रात अशी सहा राष्ट्रीय उद्याने आहेत : ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. तेथे वनखात्याचे पहारेकरी असतात. केव्हा आत जायचे, कोणत्या वाटेने जायचे, याचे नियम असतात. मावळच्या उत्तरेला भीमाशंकर अभयारण्य आहे. ते 1985 साली घोषित झाले. आपल्या राज्याचा प्राणी शेकरू तेथे राहतो. शेकरू ही तपकिरी रंगाची, झुपकेदार शेपटीची मोठी खार. ती उंच झाडांवर पानाकाड्यांची घरटी करते आणि क्वचितच जमिनीवर उतरते. भाज्याच्या ओढ्यावर मात्र पहारेकरी नसतो. तेथे आपल्यावर लक्ष आपणच ठेवायचे असते.

पक्षी ओळखायला तुम्हांला फार अडचण पडणार नाही, कारण पुष्कळ नावे तुमच्या ओळखीची आहेत. इक्बाल यांच्या शायरीतला शाहीन सह्याद्रीच्या कड्यांवर राहतो. मराठीत त्याला शाहीन ससाणा म्हणतात. तुम्ही ज्याला सुरखाब म्हणता, तो आमचा चक्रवाक. हिवाळ्यात तो उजनी धरणाच्या पाण्यावर उतरतो. बुलबुलाची गोष्ट मात्र थोडी गमतीची आहे. फारसी आणि उर्दू शायरीत गुलाबासाठी रडणारा बुलबुल हा इराणकडचा वेगळाच पक्षी आहे. मावळात दिसणाऱ्या शिपाई बुलबुलाच्या डोक्यावर काळा टोकदार तुरा असतो आणि गालावर लाल ठिपका. हा गृहस्थ कोणासाठी रडत नाही. तो झुडपांवर बसून फळे आणि किडे खातो आणि दिवसभर बडबडतो.

या शास्त्राचे मोठे गुरू डॉ. सलीम अली. त्यांचा जन्म 1896 साली मुंबईत झाला. लहानपणीच आईवडील गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. एकदा छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामांना तिचे नाव सांगता आले नाही. त्यांनी सलीमला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथे मिलार्ड नावाच्या अधिकाऱ्यांनी चिमणीचे नाव तर सांगितलेच, शिवाय भुसा भरून ठेवलेले असंख्य पक्षीही दाखवले. त्या दिवसापासून मुलाला पक्ष्यांचे वेड लागले. पुढे 1930 साली अलिबागजवळच्या किहीम गावी सलीम अलींनी बया पक्ष्याचे निरीक्षण केले. मराठीत आम्ही त्याला सुगरण म्हणतो. घरटे नर विणतो. ते अर्धे झाले की मादी येऊन तपासते. तिला पसंत पडले तर संसार सुरू होतो, आणि मग नर दुसरे घरटे विणायला घेतो! हे त्यांना कळले, कारण ते महिनोन्‌महिने एका जागी गुपचूप बसले होते.

गुपचूप बसणे, हेच सर्वांत अवघड. आम्ही काही मित्र एकदा अशाच एका ओढ्यावर गेलो होतो. कस्तुराचे घरटे एका कपारीत दिसले. आमच्यातील एक जण फोटो काढायला अगदी जवळ गेला. नर आणि मादी समोरच्या फांदीवर येऊन बसली. मादीच्या चोचीत खेकडा होता. पिलांची भूक दिसत होती, पण आम्ही उभे होतो, म्हणून ती घरट्याकडे येईना. अर्धा तास आम्हांला ते समजलेही नाही. समजले तेव्हा आम्ही मान खाली घालून निघालो.

आता विचार करा. पावसाळ्यातील सुटीच्या दिवशी लोणावळ्याला हजारो माणसे येतात. गाणी मोठ्याने वाजतात. काही जण मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावतात. आपल्या जागेत दुसरा नर घुसला असे समजून कस्तूर धावून येतो आणि पिलांना भरवायचे सोडून त्या आवाजामागे फिरतो. असे कधीही करू नका.

पाण्याचीही भीती बाळगा. 30 जून 2024 रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पाणी एकाएकी वाढले आणि पाच जण वाहून गेले. वर डोंगरात पाऊस झाला की खाली पाणी अचानक येते. म्हणून पक्षी काठावरून पाहा. ओढ्यात उतरू नका, शेवाळलेल्या खडकावर चढू नका आणि मोठ्या माणसाशिवाय जाऊ नका.

बरोबर काय घ्यावे? दूरबीन असली तर उत्तम, नसली तरी चालते. कपडे मातीच्या रंगाचे असावेत. 'खाकी' हा शब्द 'खाक' म्हणजे मातीवरूनच आला आहे, हे तुम्हांला माहीतच आहे. एक वही आणि पेन्सिल मात्र हवीच, कारण पावसात शाई पसरते. वहीत तारीख, वेळ, जागा आणि हवा लिहा. पक्ष्याचा आकार, रंग, आवाज लिहा. नाव ठाऊक नसेल तर जागा कोरी ठेवा. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर एवढेच आहे : 'भाजे, सकाळी सात. रिमझिम पाऊस. ओढ्यापलीकडून तीन वेळा शीळ ऐकली. पक्षी दिसला नाही.'