ओमानचा किनारा : लेखांक सहावा
मुसंदमच्या खाड्या आणि गावे

मागील लेखांकात सोहारपाशी थांबलेली आपली वाट बातिनाच्या खजुरीच्या बागांमधून उत्तरेकडे आणखी थोडी सरकली, की ओमानची हद्द संपते आणि अमिरातींचा मुलूख लागतो. परंतु तो मुलूख ओलांडून पुढे गेले असता, जेथे अरबी द्वीपकल्पाचे टोक इराणच्या रोखाने समुद्रात घुसले आहे आणि जेथे होर्मुझच्या सामुद्रधुनीला तिचे सर्वविश्रुत वळण लाभले आहे, तेथे मस्कतच्या सुलतानाचा अंमल पुन्हा सुरू होतो. मुख्य भूमीपासून असा तुटून पडलेला, सुमारे 1,800 चौरस किलोमीटरांचा हा प्रांत म्हणजे मुसंदम. खसब, बुखा, दिब्बा आणि मदहा हे त्याचे चार विलायत, म्हणजे आपल्याकडील तालुके म्हणावेत असे विभाग. त्यांतील मदहा उरलेल्या तिघांपासूनही अलग, चहूंकडून अमिरातींनी वेढलेला. आणि त्याच्याही पोटात नहवा नावाचे एक गाव शारजाच्या अमलाखाली! हा गुंता कोणा नकाशाकाराच्या लहरीने झालेला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रज अधिकारी येथील हद्दी ठरवू लागले, तेव्हा त्यांनी डोंगरनदीच्या रेषांपेक्षा गावोगावच्या शेखांना ‘तुमची निष्ठा कोणाकडे?’ हा प्रश्न विचारणे अधिक प्रशस्त मानले. मुसंदमच्या शिहू जमातीचा ओढा मस्कतकडे असल्यामुळे हा तुकडा मस्कतकडे राहिला.

प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांतून या प्रदेशाचा उल्लेख ‘अरबस्तानचे नॉर्वे’ असा केलेला आढळतो. समुद्रातून सरळसोट उठलेले उघडेबोडके कडे, त्यांच्यामध्ये नागमोडी शिरलेले निळे पाणी आणि कड्याच्या पायथ्याशी चिकटलेली चार घरे हे दृश्य पाहिले, म्हणजे उत्तर ध्रुववृत्तापलीकडील किनाऱ्याची चित्रे आठवावीत हे स्वाभाविक आहे. मात्र साम्य येथेच संपते. नॉर्वेच्या खाड्या हिमनद्यांनी हजारो वर्षे खडक खरवडून कोरल्या, आणि मुसंदमच्या माथ्यावर हिमनदी कधी आलीच नाही. येथे घडले ते निराळेच. अरबी भूपट्ट युरेशियाच्या भूपट्टाखाली सावकाश दाबला जात असल्यामुळे या द्वीपकल्पाचे उत्तर टोक वर्षाकाठी काही मिलिमीटर या गतीने खाली कलत आहे, आणि त्यामुळे एके काळी ज्या कोरड्या दऱ्यांतून पावसाचे लोंढे वाहत असत, त्या दऱ्यांत समुद्र शिरून बसला आहे. आपल्या कोकणातील जयगडची किंवा विजयदुर्गाची खाडी हीदेखील बुडालेली दरीच होय. तेव्हा मुसंदमला सोयरा शोधायचाच असेल, तर तो नॉर्वेपेक्षा रत्नागिरीकडे लवकर सापडेल. अर्थात हिमाचा या कहाणीशी मुळीच संबंध नाही असे मात्र म्हणता येत नाही. गेल्या हिमयुगात, सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभराहून अधिक मीटर खाली होती आणि इराणचे आखात बहुतांशी कोरडे पडले होते. दूरच्या ध्रुवप्रदेशातील बर्फ वितळले, त्याचे पाणी होर्मुझवाटे आत आले आणि जाता जाता मुसंदमच्या दऱ्याही भरून गेले.

या खाड्यांपैकी सर्वांत लांब, सुमारे 16 किलोमीटर आत गेलेली, ती खोर शम. इंग्रजांच्या जुन्या सागरी नकाशांत तिचे नाव ‘एल्फिन्स्टन इनलेट’ असे आढळते, आणि येथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. पुण्याच्या दरबारी रेसिडेंट म्हणून बसून ज्याने बाजीराव पेशव्याचे आसन डळमळविले, पेशवाई बुडाल्यावर दक्षिणच्या मुलखाचा बंदोबस्त ज्याने लावला, आणि ज्याच्या नावाचे मुंबईतील रेल्वे स्थानक 2018 साली प्रभादेवी झाले, तोच हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. 1819 साली तो मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईहून रास अल खैमावर मोहीम रवाना झाली, 1820 च्या आरंभी आखातातील शेखांशी तह झाला, आणि त्यामागोमाग कंपनीच्या मुंबई आरमाराने हा सारा किनारा दोर टाकून, खोली मोजून नकाशावर उतरविला. मोजणीदारांनी आपल्या वरिष्ठांची नावे खाड्यांना बहाल केली. खोर शमच्या पलीकडे, मक्लबच्या अरुंद डोंगरी पट्टीने तिच्यापासून वेगळी झालेली पूर्वेकडची विस्तीर्ण खाडी म्हणजे गुब्बत अल गझीरा. तिला त्यांनी ‘माल्कम इनलेट’ म्हटले. हा जॉन माल्कम म्हणजे 1818 साली शरण आलेल्या बाजीरावाला पदरात घेणारा आणि पुढे एल्फिन्स्टनच्या मागून मुंबईचा गव्हर्नर झालेला साहेब. पेशवाईचा शेवट करणारे दोघे गृहस्थ अरबस्तानच्या नकाशावर असे पाठीला पाठ लावून बसलेले पाहून मौज वाटते. नदीफी, कनाहा, मक्लब, सीबी आणि शम या गावांतील कोळ्यांनी ही नावे कधी मनावर घेतली नाहीत, हे त्यांच्या शहाणपणाला साजेसेच झाले.

खोर शममध्येच एक खडकाळ बेट आहे, जझीरत अल मक्लब. एखाद्या कोकणी जलदुर्गाच्या बुरुजाएवढाच त्याचा पसारा. तरी मुसंदमच्या स्थळांत त्याइतके सांगण्याजोगे दुसरे नाही. 1857 च्या उठावानंतर लंडन आणि कलकत्ता यांच्यामध्ये तारेची सोय असावी ही निकड सरकारला तीव्रतेने भासू लागली, आणि 1864 साली कराचीकडून ग्वादर, मुसंदम, बुशहर अशी ठाणी घेत आखाताच्या माथ्याशी फाव येथपर्यंत समुद्रतळाने तार टाकण्यात आली. इंग्लंडात तयार झालेली ही तार आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजांनी मुंबईस आणली गेली. त्या जहाजांपैकी ‘असाये’ आणि ‘ट्वीड’ ही दोन मुळात मुंबईच्या गोदीत, वाडिया घराण्याच्या हातून बांधली गेलेली लढाऊ जहाजे होती; पैकी ‘असाये’ हे नाव 1803 साली शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा जेथे पराभव झाला त्या आपल्या मराठवाड्यातील असईवरून दिलेले.

लांब तारेतून जाणारा संदेश वाटेत क्षीण होत असे, म्हणून मध्ये एक ठाणे हवे, जेथे माणसाने तो वाचून पुढे धाडावा. आणि मुख्य भूमीवरील जमातींचा भरवसा वाटेना, म्हणून हे बेट. उन्हाळ्यात चारी बाजूंचे कडे तापून भट्टीसारखी धग ओकत असता, वारा बंद, पिण्याचे पाणीही बाहेरून आणलेले, अशा स्थितीत मूठभर तारमास्तर तेथे इंग्लंड-हिंदुस्थानचे निरोप खटखटवीत बसत. 1868 साली, उणीपुरी चार वर्षेही न होता, ठाणे उठले आणि तार इराणकडील हेंजाम बेटाकडे वळविण्यात आली. आज तेथे पायऱ्या आणि जोत्याचे दगड शिल्लक आहेत, आणि खसबहून निघालेल्या होड्या प्रवाशांना पोहण्यासाठी नेमक्या तेथेच नांगर टाकतात.

टोकाजवळचे कुमझार हे गाव मात्र अजून समुद्रानेच गाठावे लागते. त्याला सडक नाही. एका अरुंद घळीत हजारोंची वस्ती इतकी दाटली आहे, की घरांच्या मधल्या जागेत कबरी आहेत आणि चालणाऱ्याला त्यांच्या कडेने वाट काढावी लागते. येथील विहिरीवर एके काळी येणारी-जाणारी गलबते पाणी भरून घेत. आज समुद्राचे पाणी गोडे करण्याचे यंत्र, शाळा आणि दवाखाना ही सर्व सोय गावात आहे. कुमझारी बोली ही इराणी कुळातील असून अरबी द्वीपकल्पाच्या मातीत रुजलेली त्या कुळातील ती एकमेव बोली गणली जाते. समोरच्या लारक बेटावरही ती चालते. गावच्या ‘बत्तील’ नावाच्या जुन्या होड्यांची नाळ बकऱ्याच्या कातड्याने आणि कवड्यांच्या माळांनी मढविलेली असे. शेरड्यांना चारा म्हणून सुकी मासळी घालण्याची रीतही येथे आहे, कारण गवत उगवायला भूमीच नाही. उन्हाळा आला, की सारे गाव होड्यांत बसून खसबला उतरते आणि खजुराची तोड होईपर्यंत तेथे राहते.

हे ऋतुमानाचे स्थलांतर कोळ्यांपुरते नाही. डोंगरातले शिहूही त्याच वहिवाटीने चालतात, आणि त्यातून ‘बैत अल कुफ्ल’, म्हणजे कुलुपाचे घर, ही वास्तू निर्माण झाली. 2,087 मीटर उंचीच्या जबल हरीमच्या आसमंतात, पावसावर गहू आणि जव पिकणाऱ्या डोंगरी सपाट्यांवर, ही घरे दिसतात. जमीन खोल खणून, वर जाडजूड दगडांच्या भिंती रचून आणि बाभळीच्या वाशांवर दगडमाती पसरून ती उभारली जात. दार इतके ठेंगणे, की आत जाताना माणसाला दुमडून घ्यावे लागते. आणि आत जे रांजण असतात ते त्या दारातून मावणारच नाहीत, कारण ते आधी मांडून भिंती मागाहून घातलेल्या असत. धान्य रांजणांत भरावे, दाराला लाकडी कुलूप ठोकावे, आणि ‘जिर्झ’ नावाची, लांब दांड्याची इवलीशी कुऱ्हाड हाती घेऊन उन्हाळ्यापुरते किनाऱ्यावर उतरावे. परत येईपर्यंत धान्य जसेच्या तसे. माझ्या मते मुसंदममधील खरे शिल्प हेच. पोर्तुगीजांनी सतराव्या शतकाच्या आरंभी खसबला बांधलेला किल्ला रेखीव खरा, पण तसे किल्ले त्यांनी चौलपासून मोंबासापर्यंत बांधले. कुलुपाचे घर मात्र या डोंगरांच्या गरजेतूनच घडले.

जबल हरीमवर जाणाऱ्या वाटेवर, समुद्रापासून इतक्या उंचीवर, चुनखडीच्या पाषाणात मासे आणि शिंपल्यांचे ठसे उमटलेले आहेत, तेही चुकवू नयेत.

मस्कतमधील आपल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना खुश्कीच्या मार्गाने जावयाचे असेल, त्यांनी वाटेत अमिरातींची सरहद्द ओलांडावी लागते याचे भान ठेवून कागदपत्रांची तजवीज आधी करावी. हंगाम नोव्हेंबर ते मार्च हाच योग्य. डोंगर चढण्याची उमेद नसेल त्यांनी निदान खसबच्या किल्ल्यात जावे. तेथील अंगणात कुलुपाच्या घराची एक प्रतिकृती उभारलेली असून जुन्या होड्याही मांडल्या आहेत. पुढील लेखांकात आपण दक्षिणेकडे वळून सूर या बंदरी, जहाजे बांधणाऱ्या कारागिरांकडे जाऊ.