गेलेल्या माणसाचा गुणाकार

3 मार्च 1989 रोजी जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात संस्थापकांची जयंती होती. जमशेदजींच्या जन्माला त्या दिवशी दीडशे वर्षे होत होती. कारखान्याच्या आवारात मांडव घातला होता आणि कर्मचाऱ्यांच्या घरची मंडळी समारंभ बघायला आली होती. त्या मांडवाने पेट घेतला. 60 माणसे गेली, 113 जखमी झाली. गेलेल्यांत 26 मुले, 25 स्त्रिया आणि 9 पुरुष.

मालकाच्या हलगर्जीपणामुळे त्याच्या जागेत कोणी दगावले किंवा जायबंदी झाले, तर भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व आपल्याकडे चांगले रुजलेले आहे. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे मेली होती. सर्वोच्च न्यायालयाने 1966 साली तिथल्या महापालिकेला जबाबदार धरले. मनोरा 80 वर्षांचा आणि त्यात वापरलेल्या चुन्याचे आयुष्य 40 ते 45 वर्षांचे. मग तो पडला हाच हलगर्जीपणाचा पुरावा, वेगळा पुरावा कशाला? भरपाई कोण देणार, हा प्रश्न असा सुटतो. ती किती द्यायची, इथे मात्र मी दर वेळी थबकतो. कारण हिशेब सुरू होतो कमाईपासून, आणि जमशेदपूरच्या त्या यादीत कमावते हात अगदी थोडे होते.

कमावत्या माणसाचा हिशेब आधी पाहू, कारण तोच मला कायद्यातल्या सर्वांत विलक्षण गोष्टींपैकी एक वाटतो. त्याचे मूळ एका खाणीत आहे. वेल्समधल्या कोळशाच्या खाणीत मजूर मेले आणि 1942 साली ते प्रकरण ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. तिथे जी रीत ठरली ती साधारण अशी: माणूस वर्षाला किती कमवत होता ते बघा, त्यातून तो स्वतःवर जेवढे खर्च करत असेल तेवढे वजा करा, आणि उरलेल्या रकमेला एका आकड्याने गुणा. हा आकडा म्हणजे गुणक. भारतात रस्त्यावरच्या अपघातांसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली त्याचे कोष्टकच ठरवून दिले. 25 वर्षांच्या माणसाला गुणक 18, चाळिशीच्या माणसाला 15, अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला 9.

पंचविशीचा माणूस साठीपर्यंत राबला असता तर 35 वर्षे कमावता राहिला असता. मग गुणक 18च का? कारण घरच्यांना पैसे आज एकरकमी मिळतात. ते ठेवीत टाकले की व्याज येते. दर वर्षी व्याज आणि थोडे मुद्दल काढत गेले, तर तो माणूस जितकी वर्षे घराला पुरला असता तितकी वर्षे ही रक्कम पुरावी आणि शेवटी शून्यावर यावी, अशी ती बेतलेली असते. शिवाय माणसाचे काही सांगता येत नाही. तो आजारी पडला असता, नोकरी गेली असती. तो सगळा अनिश्चितपणाही त्या अठरात मुरवलेला आहे. एका दोन अंकी संख्येत व्याजदर, आयुर्मान आणि नशीब एकत्र बसवण्याचे हे धाडस पाहून मला खरोखर आश्चर्य वाटते.

आता जमशेदपूर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले तेव्हा दोष कोणाचा हा वाद बाजूला ठेवून भरपाई ठरवण्याचे काम माजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्याकडे सोपवले गेले. पुण्यात जन्मलेल्या, सात वर्षे सरन्यायाधीशपद सांभाळलेल्या या माणसापुढे प्रश्न होता तो पगारपत्रक नसलेल्यांचा. घर चालवणाऱ्या बाईच्या कामाला वर्षाचा आकडा लावल्याशिवाय गुणाकार सुरूच होत नाही. त्यांनी तो लावला. घरच्यांना तो फार कमी वाटला आणि ती तक्रार पुन्हा न्यायालयापुढे आली.

ऑगस्ट 2001 मध्ये न्यायालयाने आकडे वाढवले. 34 ते 59 वयाच्या गृहिणीचे काम, अगदी हात आखडून धरले तरी, महिन्याला 3,000 म्हणजे वर्षाला 36,000 रुपयांचे. 62 ते 72 वयाच्या आजींचे काम चंद्रचूड यांच्या अहवालात वर्षाला 10,000 धरले होते, ते 20,000 झाले. त्यांचा गुणक 8 होता, तो तसाच ठेवला. म्हणजे 1,60,000, त्यात ठरीव 50,000 मिळवून 2,10,000 रुपये. बासष्ट वर्षांची आजी घरात काय काय करते हे ज्याने पाहिले आहे, त्याला ही रक्कम तोकडीच वाटेल. मलाही वाटते. पण तिच्या कामाला किंमत आहे आणि ती वाढवून मागता येते, एवढे मान्य झाल्याशिवाय पुढची लढाई उभीच राहिली नसती.

मुलांचा हिशेब तर त्याहून चकित करणारा. दहा ते पंधरा वयाच्या मुलाने घराला पुढे काय दिले असते? अहवालात वर्षाला 12,000 धरले होते आणि गुणक 11 होता. न्यायालयाने ती रक्कम 24,000 आणि गुणक 15 केला, म्हणजे 3,60,000 आणि वर ठरीव 50,000. या वाढीमागे एक अगदी स्थानिक कारण होते. कर्मचाऱ्याच्या एका मुलाला कंपनीत नोकरी देण्याची तिथे प्रथा होती. म्हणजे जमशेदपूरच्या त्या पोरांचे भविष्य इतर गावांतल्या पोरांपेक्षा अधिक स्पष्ट दिसत होते, आणि न्यायालयाने ते पाहिले.

गृहिणींची गोष्ट तिथे थांबली नाही. 2001च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत, काहीच उत्पादक काम न करणारे म्हणून बसवले होते. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली कडक शब्दांत नाराजी नोंदवली. 2021 मध्ये त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा यांनी राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणाचा आधार घेतला: बिनपगारी घरकामात बाईची दिवसाला सरासरी 299 मिनिटे जातात, पुरुषाची 97.

ज्याची कमाई कागदावर सापडत नाही, त्याच्या बाबतीत अंदाज कशावरून बांधायचा? इथे न्यायाधीशांचेही एकमत होत नाही. 13 जून 1997 रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या तळमजल्यावरचा ट्रान्सफॉर्मर पेटला. धूर वर चढला आणि बाल्कनीत कोंडलेली 59 माणसे गुदमरून मेली. जादा खुर्च्या आणि खासगी बॉक्स बसवण्यासाठी बाहेर पडायच्या वाटा अडवल्या होत्या. बाल्कनीचे तिकीट काढणाऱ्याची कमाई महिन्याला 15,000 तरी असणारच, असे दिल्ली उच्च न्यायालयाने धरले आणि वीस वर्षांवरील मृतांसाठी 18 लाख, त्याहून लहानांसाठी 15 लाख ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली हा तर्क नाकारला. तिकिटाच्या वर्गावरून मिळकत कशी ठरेल? रकमा 10 लाख आणि साडेसात लाखांवर आल्या. ज्यांना अधिक सिद्ध करता येईल त्यांना दिवाणी न्यायालयाची वाट मोकळी ठेवली. भरपाईचा 85 टक्के बोजा चित्रपटगृहाच्या परवानाधारकावर पडला, 15 टक्के वीज मंडळावर. कायद्याच्या दृष्टीने सर्वोच्च न्यायालयाचा तर्क पटतो. वाटा अडवणाऱ्याचा भार त्यामुळे हलका झाला, हे मात्र मला आजही बोचते.

जखमी माणसाचा हिशेब वेगळा, आणि तो कळला की आपण ज्याला अपंगत्व म्हणतो त्याकडे पाहण्याची नजरच बदलते. डाव्या हाताचा पंजा गेला तर डॉक्टर साधारण 60 टक्के अपंगत्व लिहून देतील. न्यायालय तिथे थांबत नाही. तो हात सुताराचा असेल तर कमाई जवळजवळ 100 टक्के गेली. सरकारी कारकुनाचा असेल तर कदाचित नोकरी टिकेल, पगारही तोच राहील. सर्वोच्च न्यायालयाने हाच दाखला देऊन बजावले आहे की शरीराची टक्केवारी म्हणजे कमाईची टक्केवारी धरू नका.

रस्त्यावरच्या अपघातांच्या रीतीने एक कल्पित हिशेब मांडू. सुतार 35 वर्षांचा, महिन्याला 15,000 कमावणारा, घरी बायको आणि दोन मुले. पुढे कमाई वाढली असती म्हणून 40 टक्के जादा धरायचे, म्हणजे 21,000. तो गेला तर एक तृतीयांश त्याचा स्वतःचा खर्च म्हणून वजा. उरले 14,000, वर्षाचे 1,68,000, गुणक 16, एकूण 26,88,000 रुपये. आणि तो जगला, पण रंधा कायमचा सुटला तर? आता काहीच वजा करायचे नाही, कारण तो जेवणार आहे, कपडे घालणार आहे, जगणार आहे. भरपाई होते 40,32,000. उपचार, पथ्याचे खाणे, सोबतीला लागणारा माणूस, सोसलेल्या वेदना, हातातून निसटलेली साधी सुखे हे सगळे त्याहून वेगळे मोजायचे. वेदनेला मात्र कोष्टक नाही. तिथे न्यायाधीश समोरच्या माणसाकडे बघूनच आकडा लिहितो.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे हा हिशेब एकदाच होतो. अंतिम निवाडा झाला की दहा वर्षांनी येऊन पैसे संपले, आता आणखी द्या, असे म्हणता येत नाही. म्हणून पुढचा खर्चही आजच दिसावा लागतो. 2022 साली सर्वोच्च न्यायालयापुढे पाय गमावलेला एक माणूस होता. कृत्रिम पायाची किंमत 2,60,000 रुपये, तो टिकणार 5-6 वर्षे, आणि मधल्या काळातली दुरुस्ती वेगळी. तेव्हा न्यायाधीशांनी त्या माणसाचे वय पुढे ठेवले आणि त्याला आयुष्यात अजून किती पाय लागतील ते मोजायला घेतले.